मताचे पाकीट, दानपेटी आणि आपण: श्रद्धा सार्वजनिक जीवनात कशी उतरावी?

पाणवठा (वसई)

२०२४ च्या विधानसभा मतदानाला चार दिवस उरले होते. शनिवारी रात्री आमच्या घरची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, नुकतीच संपली होती आणि आई क्रुसासमोरची मेणबत्ती विझवत होती, तेवढ्यात ओट्यावर कोणीतरी आल्याची चाहूल लागली. आलेला मुलगा परका नव्हता. धर्मशिक्षणाच्या वर्गात तो माझ्या धाकट्या भावाच्या शेजारी बसत असे. "काकू, घरात चार मते ना?" एवढेच विचारून त्याने एक खाकी पाकीट खुर्चीवर ठेवले आणि तो निघून गेला. पाकिटाला आमच्या चौघांच्या मतदार चिठ्ठ्या टाचणीने लावलेल्या होत्या. कोपऱ्यात पेन्सिलीने ४ हा आकडा लिहून त्याभोवती गोल काढलेला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्सेत, म्हणजे चर्चमधील रविवारच्या उपासनेत, फादरांनी समाजाच्या नैतिक घसरणीवर प्रवचन केले. व्यसने, मोडणारी लग्ने, पैशासाठी विकली जाणारी वडिलोपार्जित वाडी, हे सर्व त्यांनी तळमळीने मांडले आणि आम्ही सारे माना डोलावत ऐकत होतो. पाकीट मात्र त्या वेळी घरी कपाटाच्या खणात, आजीच्या जपमाळेच्या डबीखाली पडून होते. मी ते परत केले नाही, खर्चही केले नाही. आणखी दोन रविवार गेले आणि तिसऱ्या रविवारी मी ते न उघडता चर्चच्या दानपेटीत टाकले. त्या क्षणी मोकळे वाटले. रात्री मात्र झोप लागली नाही, कारण मी त्या पैशाचा केवळ मालक बदलला होता. ज्याने ते वाटले त्याला मी काही बोललो नव्हतो, ज्याच्यासाठी वाटले गेले त्याला मत दिले की नाही हे माझ्यापुरतेच राहिले होते, आणि देवळाच्या पेटीत असा पैसा टाकून मी देवालाच त्या व्यवहारात ओढले होते.

म्हणून या संकेतस्थळावर हा चर्चेचा धागा काढत आहे. आपल्याकडे "ऱ्हास" हा शब्द नेहमी दुसऱ्याविषयी वापरला जातो. राजकारण नासले, तरुण पिढी बिघडली, बाहेरून आलेल्यांनी गाव बदलले, अशी वाक्ये आपण मिस्सेनंतर चर्चच्या आवारात उभे राहून बोलतो. माझे म्हणणे असे आहे की ख्रिस्ती माणसाचा सार्वजनिक जीवनातील सहभाग निवडणुकीला उभे राहण्याच्या किंवा मोर्चा काढण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. आपल्या ओट्यावर काय ठेवले जाते आणि आपण ते तिथेच राहू देतो का, यापासून तो सुरू होतो. मी काय करायला हवे होते, आणि यापुढे काय करावे, हे सर्वांनी मोकळेपणाने सांगावे, ही विनंती.

खाडीपलीकडे (अलिबाग तालुका)

दादा, आपण हे लिहिले, याबद्दल प्रथम आभार मानते.

कायद्याची बाजू सरळ आहे. मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा असे दोघेही दोषी ठरतात. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम १७१-ब मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये आहे. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर छायाचित्रासह तक्रार करता येते. आपण त्याच रात्री एवढे केले असते तरी पुरेसे झाले असते. पण तक्रार केली तर उद्या त्याच मुलाच्या आईशेजारी बाकावर बसायचे आहे, आणि आपले हात तिथेच अडतात, हे मलाही कळते.

श्रद्धेच्या बाजूने मला जक्कय आठवतो. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात तो जकातदारांचा प्रमुख प्रभू येशूला घरी घेतो आणि उभा राहून सांगतो की, निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याचे चौपट परत करतो. या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या आहेत, याकडे लक्ष द्यावे. गरिबांना दिलेले दान म्हणजे लुबाडलेल्याला केलेली परतफेड नव्हे. आपल्या दानपेटीच्या प्रसंगात नेमकी हीच गल्लत झाली, असे मला वाटते. कॅथलिक शिकवणुकीतही अन्यायाने घेतलेल्या वस्तूची भरपाई करणे हे न्यायाचे कर्तव्य मानले आहे. प्रायश्चित्त संस्कारात पापांची क्षमा मिळते, पण क्षमा मिळाली म्हणून भरपाईतून सुटका होत नाही.

उत्तनचा वारा (उत्तन)

वयाने मोठा आहे, म्हणून थोडे मागचे सांगतो.

आपल्या समाजाला सार्वजनिक जीवन नवे नाही. काका बाप्टिस्टा यांचे घराणे मूळचे आमच्या उत्तनचे. १८६४ साली माझगावच्या माथारपाखाडीत जन्मलेले जोसेफ बाप्टिस्टा १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. ते कामगारांची बाजू मांडत राहिले. चिखलगावचे मूळ असलेला एक चित्पावन आणि उत्तनचे मूळ असलेला एक ईस्ट इंडियन (मुंबई-वसई परिसरातील मूळचा ख्रिस्ती समाज) एकाच व्यासपीठावर स्वराज्य मागत होते, ही गोष्ट आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितली जात नाही, याचे मला दुःख होते. आपण मुलांना संत गोन्सालो गार्सिया शिकवतो, जे वसईत जन्मले आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. ते शिकवायलाच हवे. पण श्रद्धेसाठी मरणे आणि श्रद्धेने नगरपालिकेचा हिशेब चोख ठेवणे या दोन्ही गोष्टी मुलांना एकाच इयत्तेत कळायला हव्यात.

अनेक जण विचारतात की फादरांनीच का उभे राहू नये. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्याने धर्मगुरूंना नागरी सत्ता चालवावी लागेल अशी सार्वजनिक पदे स्वीकारण्यास मनाई केली आहे. यात मोठा अर्थ आहे. ते काम प्रापंचिकांचे आहे, म्हणजे तुमचे-माझे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले की, अंगीकारलेली श्रद्धा आणि रोजचे जीवन यांच्यातील फारकत ही आपल्या काळातील गंभीर चुकांपैकी एक आहे. हे वाक्य साठ वर्षे जुने असले तरी, पाणवठा यांच्या कपाटातील खणाला ते तंतोतंत लागू पडते.

मंडळीतला (रत्नागिरी)

माझे मत वेगळे आहे आणि ते नम्रपणे मांडतो. आमची मंडळी लहान आहे. पाळकसाहेबांसह रविवारच्या उपासनेला चाळीस-पन्नास माणसे जमतात. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात शेवटल्या काळी माणसे स्वार्थी, धनलोभी आणि बढाईखोर होतील, असे आधीच सांगितले आहे. मग जगाची घसरण पाहून आपण आश्चर्य का करावे आणि ती थोपवण्याचा आटापिटा तरी का करावा? आपले काम सुवार्ता सांगणे आणि आपली घरे शुद्ध राखणे हे आहे. आणखी एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही, ती मी बोलतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १ टक्का आहेत. आपण गावच्या भांडणात उतरलो की उद्या आपल्या प्रार्थनेवरच बोट दाखवले जाते. गप्प राहण्यात भ्याडपणा असतो, तसा कधी कधी शहाणपणाही असतो.

दवाखान्याची वाट (वेंगुर्ले)

मंडळीतला यांची भीती मी क्षुल्लक मानत नाही. मीही प्रोटेस्टंट घरातली आहे आणि परिचारिका म्हणून छत्तीस वर्षे नोकरी केली आहे. पण त्यांच्या म्हणण्यातला एक दुवा मला मान्य नाही.

आमच्या वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टरांनी काम उभे केले. त्यांच्यापैकी गोहीन दांपत्याचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला. पुढे तो अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि नंतर भारतातील अमेरिकेचा राजदूत म्हणून परत आला. मला त्याच्या मोठेपणापेक्षा त्याच्या आईवडिलांचे रोजचे काम जास्त मोलाचे वाटते. जग शेवटाकडे चालले आहे, असे मानूनही या माणसांनी खाटा मांडल्या आणि जखमा धुतल्या. मुळात देवाच्या लोकांना पाडाव करून बाबेलला नेले, तेव्हा संदेष्टा यिर्मयाने त्यांना त्याच्या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायात जे पत्र पाठवले, त्यात त्यांनी त्या परक्या नगराशी फटकून राहावे असे म्हटले नव्हते. घरे बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरात मी तुम्हांला पाठवले आहे त्याचे कल्याण पाहा, कारण त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. त्या पाडाव झालेल्यांची संख्या तर आपल्यापेक्षाही नगण्य होती.

भाऊ, आता मी माझ्या अनुभवाची एक गोष्ट सांगते. मी ज्या एका दवाखान्यात काही वर्षे होते, तिथे प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या माणसांकडून वॉर्डबॉय पन्नास रुपये घेत असे आणि त्याचा वाटा वरपर्यंत जात असे. मी घेत नव्हते, आणि मी घेत नाही याचा मला अभिमानही होता. एके दिवशी आरवलीकडची एक म्हातारी माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "बाय, तू बरी आसंस, पण पैसे मात्र देवकच लागतत." त्या दिवशी मला समजले की माझे घर शुद्ध राखल्याने त्या बाईचे पन्नास रुपये वाचले नव्हते. मी लेखी तक्रार केली. मला सहा महिने रात्रपाळी मिळाली, पण तो व्यवहार त्या खिडकीवर तरी थांबला. आता महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येते. तेव्हा यातले काहीही नव्हते.

नारळीबाग (आगाशी)

मी ख्रिस्ती नाही. या संकेतस्थळावर अनेक वर्षे वाचक आहे, आणि पाणवठा यांचा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

आमच्या आळीत एक बावखल होते. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीला पाणी देण्यासाठी पूर्वजांनी खोदलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरी उन्हाळाभर गोड राहतात. आमच्या बावखलाला एका बाजूने दगडी पायऱ्या होत्या, काठाला केळी आणि पानवेल होती. आम्ही सर्व जातिधर्मांची मुले त्यात पोहायला शिकलो. काही वर्षांपूर्वी सलग तीन रात्री डंपर आले आणि चौथ्या सकाळी तिथे राडारोड्याचे सपाट मैदान होते. पुढच्या मे महिन्यात आमच्या विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले. आईने चहा ओतून दिला आणि पुन्हा केला, तरी चव तीच.

ज्याची जागा होती ते गृहस्थ रोज सकाळी मिस्सेला जात. ज्याने ती घेतली त्याने भूमिपूजनाला सत्यनारायण घातला. डंपर येताना पाहून खिडकी लावून घेणारे आम्ही, त्यांत दोन्ही धर्मांचे होतो. म्हणून हा ऱ्हास कोणा एका समाजाचा नाही, हे मला आधी नोंदवायचे आहे.

मात्र एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. "श्रद्धेने सार्वजनिक जीवनात उतरा" असे प्रत्येक समाजाने आपापल्या लोकांना सांगितले, तर शेवटी "आपला माणूस निवडून द्या" हाच त्याचा अर्थ उरत नाही का?

उत्तनचा वारा (उत्तन)

नारळीबाग, शंका रास्त आहे. कायद्याचे उत्तर असे की लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे धर्माच्या नावाने मते मागणे हा भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने निर्णय दिला की, हे केवळ उमेदवाराच्या धर्माला नव्हे, मतदाराच्या धर्मालाही लागू आहे.

आमच्या इतिहासातील उत्तर मला त्याहून प्रिय आहे. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवरील उपसमितीचे कामही त्यांनी पाहिले. विधिमंडळांत धर्मावर आधारलेल्या राखीव जागा नकोत, या भूमिकेमागे त्यांच्यासारखे ख्रिस्ती सदस्य ठामपणे उभे राहिले. बहुसंख्यांच्या सद्भावनेवर विसंबण्याचा तो निर्णय होता आणि तो त्यांनी जाणून-बुजून घेतला. तेव्हा "आपला माणूस" शोधणे ही आमच्या वाडवडिलांची वाट नव्हती. आज ती कोणी धरत असेल तर ती आमचीही घसरणच आहे.

पाणवठा (वसई)

नारळीबाग, आपले बावखल कोणते, हे मी ओळखले. त्या तीन रात्रींत खिडकी लावून घेणाऱ्यांत आमचेही घर होते.

हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा मी शाळकरी होतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी पाणी, शेती आणि हिरवा पट्टा वाचवण्यासाठी गावोगाव सभा घेत आणि त्या सभांना सर्व धर्मांची माणसे येत. फादरांनी कोणतेही सत्तापद घेतले नाही. त्यांनी "सुवार्ता" मासिक चालवले, लिहिले, लोकांना उभे केले. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, तेव्हा अंत्यविधीच्या गर्दीत मीही होतो आणि माझेही डोळे भरून आले होते. त्यानंतर चार महिन्यांच्या आत ते पाकीट माझ्या खणात होते. मला ही गोष्ट सर्वांत जास्त बोचते. आम्ही त्यांच्यावर प्रेम केले, त्यांचे फोटो लावले, आणि ज्या व्यवस्थेशी ते झुंजले, तिच्याकडून चार मतांचे पैसे घेतले.

खाडीपलीकडे (अलिबाग तालुका)

पुढे काय करावे, हा मूळ प्रश्न मागे राहू नये, म्हणून ग्रामसभेचा अनुभव लिहिते.

आमच्या गावात ग्रामसभेला गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. ती कधीच जमत नसत. सभा तहकूब होई, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नसल्यामुळे पुढच्या वेळी दहा-बारा माणसे सर्व विषय मंजूर करून टाकीत. वर्षानुवर्षे हेच चालले होते. आम्ही महिला मंडळाच्या बायका रविवारी उपासनेला साठ आणि ग्रामसभेला तीन, असा हिशेब एकदा कोणीतरी मांडला आणि आम्हांला लाज वाटली. पुढच्या २ ऑक्टोबरला आम्ही कोळीवाड्यातल्या आणि आगरी आळीतल्या बायकांना सोबत घेऊन गेलो. भाषण कोणी केले नाही. केवळ मागील वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचावा, अशी मागणी केली आणि तो वाचला जाईपर्यंत बसून राहिलो. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची रक्कम दोनदा लागली होती. ग्रामसेवकाच्या हातातला कागद थरथरत होता, हे मी पहिल्या रांगेतून पाहिले. त्या माणसाचा अपमान व्हावा, असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नव्हते, आणि एका मावशीने उठून त्याला पाणी आणून दिले. पण नोंद दुरुस्त करून घेतल्याशिवाय आम्ही उठलो नाही.

संत लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात की आम्ही काय करावे. तो त्यांना नोकरी सोडून अरण्यात या, असे सांगत नाही. ठरवून दिले आहे त्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगतो. शिपायांनाही तो तसेच उत्तर देतो. सार्वजनिक जीवनातील शुद्धतेविषयी इतके साधे उत्तर मी दुसरीकडे वाचलेले नाही.

मंडळीतला (रत्नागिरी)

ताई, मावशींनी पाणी आणून दिले, ते वाचून थांबलो. माझी भीती अजून गेलेली नाही. पण असे करता येत असेल, तर ते सुवार्तेच्या बाहेरचे काम आहे, असे मला म्हणता येणार नाही. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांशी बोलतो.

पाणवठा (वसई)

जे घडले ते सांगून माझ्याकडून पुरे करतो.

मी फादरांकडे गेलो आणि सर्व सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले की, त्या रविवारी पेटीत तशी आणखीही पाकिटे निघाली होती आणि प्रवचनात हा विषय घ्यायचे धैर्य त्यांना झाले नव्हते. धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सर्व कुटुंबांच्या, पुढील सभेत त्यांनी स्वतः तो विषय मांडला, आणि मी माझ्या पाकिटाची गोष्ट उभे राहून सांगितली. काही जण उठून गेले. एकाने मला बाहेर गाठून सांगितले की घरची धुणी चव्हाट्यावर धुवायची नसतात. दोन घरांतून नंतर निरोप आला की त्यांच्याकडेही तसेच झाले होते.

नंतर मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याला वाटले, मी भांडायला आलो आहे. तो पदवीधर आहे, दोन वर्षे नोकरी नाही, आणि त्या कामाचे त्याला दिवसाला काहीशे रुपये मिळाले होते. मी त्याला विचारले की हे चुकीचे आहे, असे त्याला कधी वाटले नाही का. तो म्हणाला, "दादा, मी एवढ्या घरांत गेलो, एकानेही परत केले नाही. तुमच्या घरीही काकूंनी खुर्ची पुढे केली. मग मला चूक कशी वाटणार?"

मला त्यावर उत्तर देता आले नाही. पाकिटाएवढी रक्कम मी त्याच्यासमोर ठेवली आणि ज्याच्याकडून आली त्याच्याकडे माझ्या नावाने परत पोहोचवायला सांगितले. त्याने ती नेली. पोहोचवली की नाही, हे मी त्याला विचारलेले नाही.

नारळीबाग, आपल्या आळीतील बावखल महसुली नोंदीत अजूनही तळे म्हणून आहे का, आणि भरावाला परवानगी कोणी दिली, एवढेच विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहिला आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले आहे. त्या मुलाचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे, म्हणून स्वच्छ प्रत त्याने काढली. सोमवारी सकाळी आम्ही दोघे तहसील कार्यालयात जाणार आहोत. आपण आलात, तर तिसरी सही आपली असेल.

नारळीबाग (आगाशी)

येतो. जुन्या सातबाऱ्याची प्रत आईच्या पेटीत आहे, ती घेऊन येतो.